दुकानाची उंची

९ मार्च

ती. ताईस,
तुझ्या भडकूचा शि. सा. न. वि. वि.

माझं आयुष्य कधी पालटलं असं पुढेमागे कुणी विचारलं, तर कॉलेज सोडलं त्या दिवसाचं नाव मी घेणार नाही. तो दिवस नुसता कटकटीचा होता. पालटलं ते गेल्या मंगळवारी. एक मुलगी सॅक घ्यायला मामाच्या ट्रेकिंगच्या सामानाच्या दुकानात आली, तिनं मान वर करून भिंतीवरची पाटी वाचली आणि ती खो खो हसली. तो क्षण.

ती पाटी तुला आठवत नसेल. काउंटरच्या वर मामानं झोकात रंगवून घेतली आहे: 'या दुकानाची समुद्रसपाटीपासून उंची ५६० मीटर'. अल्टिमीटरचं घड्याळ विकलं की पाटीकडे बघून आम्ही त्यात ५६० भरतो आणि मगच ते गिऱ्हाइकाच्या मनगटावर चढवतो. कारण गंमत अशी, ताई, की या दीडशहाण्या घड्याळाला उंची मोजता येतच नाही. ते हवेचा दाब मोजतं आणि उंचीचा अंदाज ठोकून देतं. आधी कुणीतरी त्याला सांगावं लागतं की बाबा रे, तू आत्ता इतक्या उंचीवर आहेस. पुढची सगळी मिजास त्या एका सांगण्यावर.

तर ही मुलगी मोजणी खात्यात काम करते. रस्त्याच्या वरच्या टोकाला तिची कचेरी आहे. तिथल्या आवारात मोजणीचा दगड आहे आणि त्यावर उंची कोरलेली आहे, पाचशे पाच. दगड चढावर, आम्ही उताराला, आणि आमची पाटी म्हणते ५६०. तिनं अगदी गंभीर चेहरा करून विचारलं की रात्रीतून दुकान कुणी जॅक लावून उचललं की काय.

मी मामाला विचारलं. दुकान उघडलं त्या दिवशी त्यानं स्वतःच्या घड्याळातला आकडा बघून पाटी रंगवायला दिली होती म्हणे. त्या दिवशी वादळ होतं, पत्रे उडत होते, हेही तो कौतुकानं सांगतो. वादळात हवेचा दाब पडतो आणि घड्याळाला वाटतं आपण वर चढलो. म्हणजे आमच्या दुकानाची उंची वादळानं ठरवली! मी म्हटलं, पाटी बदलू. मामा म्हणाला, मुळीच नाही, गिऱ्हाइकं खूश आहेत. आणि ते खरंच आहे. बँकेतले एक साहेब डोंगरमाथ्यावर काढलेला मनगटाचा फोटो घेऊन आले होते. त्यात डोंगर नव्हता, साहेब नव्हते, नुसतं घड्याळ. शिखर नकाशापेक्षा उंच निघालं, आणि नकाशेवाल्यांना अक्कल नाही असं ते चारचौघांत सांगत सुटले आहेत.

कसली माणसं येतात बघ. एक जण घड्याळ घालून ऑफिसच्या लिफ्टमध्ये वरखाली करतो आणि मजले मोजतो. एकीला त्यात तापमान बघायचं असतं. ते तिच्याच मनगटाची ऊब दाखवतं आणि ती म्हणते, बापरे, बाहेर केवढं उकडतंय. एकाला आमच्या दुकानाचा दरवाजा कुठल्या दिशेला आहे ते होकायंत्रात बघून मगच बाहेर पडता आलं. डोंगर बघायचा कुणालाच नाही. सगळ्यांना मनगट बघायचंय.

ती शनिवारी सॅकचं आवरण घ्यायला येणार आहे. मला जेवण जात नाही. हसू नकोस.

तुझी माया होती तेवढीच राहू दे, वाढली तर फुकटचे सल्लेही वाढतात.
तुझा भडकू


१८ मार्च

चि. भडकूस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

हसले. खूप हसले. तुझ्या भावोजींना वाचून दाखवलं, तेही हसले. मागच्या वर्षी जेवण जात नव्हतं ते व्हायोलिन शिकवणाऱ्या बाईंच्या भाचीमुळे, हे मी त्यांना मुद्दाम आठवून दिलं. तुझं प्रेम म्हणजे गोवर आहे, फक्त तो एकदाच येतो, एवढाच फरक.

पण पाटीचं वाचून मात्र थांबले. माझ्या औषधांच्या काउंटरवर काटा असा चुकला असता तर मी त्या दिवशी दुकान उघडलंच नसतं. मामाला गोडीत सांग. गोडीत म्हणजे काय हे तुला ठाऊक नाही म्हणून फोड करून सांगते: आवाज न चढवता, हात न नाचवता, आणि 'अक्कल' हा शब्द न वापरता. बाबा गेल्यावर आईला आणि तुला त्यानंच वरच्या दोन खोल्या दिल्या, तू कॉलेज सोडून आलास तेव्हा एका शब्दानं टोचलं नाही. माणूस वाईट नाही. त्याला फक्त चूक झाली म्हणायला जमत नाही, आणि तो गुण घराण्यात पुढेही उतरलेला आहे.

त्या मुलीशी शहाण्यासारखा वाग. आईचे गुडघे कसे आहेत ते कळव.

आशीर्वाद आहेतच, पत्र मात्र तुझ्याकडूनच यावं लागतं.
ताई


४ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गोडीत सांगून झालं. मामा म्हणाला, बघू. त्याचं 'बघू' म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे. मी पुन्हा विषय काढला नाही. ती मुलगीही शनिवारनंतर आली नाही, कामाचा ताण असेल. आणि आता जे झालंय ते ऐक.

वाचनालयातल्या बाई आणि त्यांचे धाकटे भाऊ, दोघं लहानपणापासून डोंगर हिंडतात. भाऊ शाळेत चित्रकला शिकवतात. बहिणीच्या वाढदिवसाला त्यांनी आमच्याकडून घड्याळ घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी दोघं निघाले. त्या डोंगरावर बाराशे मीटरला डावीकडे सोंडेवर जाणारी वाट फुटते, असं वाटेच्या पुस्तिकेत लिहिलंय. तिच्या साठ मीटर खाली अगदी तशीच एक वाट फुटते, ती सरळ घळीत उतरते. धुकं दाट होतं. भावांनी घड्याळ बघितलं, बाराशे, आणि डावीकडे वळले. घळीत बाई घसरल्या. पाय मोडला. खाली आणेपर्यंत त्यांचे जे हाल झाले ते मी लिहीत नाही.

आता बाई बऱ्या होताहेत, पण भावांनी अंथरूण धरलंय. बहिणीला मीच घळीत घातली, हे एकच. शाळेत जात नाहीत, बहिणीसमोर उभे राहत नाहीत. एकाच घरात राहून तिच्याशी एक शब्द बोलत नाहीत. मामा फळं घेऊन भेटायला गेला होता, मला सोबत घेऊन. आणि ताई, त्यानं भावांच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं की होतं असं, नवीन घड्याळ असतं, चुकून बटण दाबलं गेलं असेल. ते बिचारे मान हलवत राहिले. मी बाजूला पिशवी धरून उभा. त्यांच्या घड्याळात आकडा मी भरला होता! या हातानं, त्या पाटीकडे बघून!

मी मामाला रस्त्यातच सांगितलं की उद्या जाऊन खरं बोलणार. तो म्हणाला, थोडे दिवस थांब, मी त्यांनाच दुकानात बोलावतो.

लगेच लिही. आईचे गुडघे तसेच.
भडकू


७ मे

चि. सौ. भाचीस,
मामाचे अनेक आशीर्वाद. जावईबापूंना नमस्कार.

तुझ्या भावानं तुला सगळं तिखटमीठ लावून कळवलं असेलच. मीही दोन ओळी लिहितो, कारण तू या घरातली डोकं खांद्यावर असलेली एकमेव व्यक्ती आहेस.

पाटीत थोडाफार फरक असेल, मी नाही म्हणत नाही. पण धुक्यात घड्याळावर विसंबून कोण चालतं? मी स्वतः इतकी वर्षं डोंगर चढलो, डोळे उघडे ठेवून. घड्याळ ही हौस आहे. हौसेला कुणी कान धरून जाब विचारतं का? तरी त्या शिक्षकांचं मला वाईट वाटतं. म्हणून मी तोड काढली आहे. १७ तारखेला, रविवारी सकाळी त्या दोघांना दुकानात बोलावलंय. आपला पोरगा त्यांना सांगेल की आकडा भरताना त्याची चूक झाली, लक्ष भलतीकडे होतं. ते खोटंही नाही, मोजणी खात्यातल्या त्या मुलीपायी त्याचं लक्ष कुठं होतं ते मला दिसत होतं. शिक्षकांच्या मनावरचं ओझं उतरेल, दुकानाचं नाव राहील. पोराचं वय असं आहे की चार दिवसांत लोक विसरतील. पाटी आत्ता उतरवली तर साऱ्या गावाला कबुली दिल्यासारखं होईल. नंतर शांतपणे बघू.

त्याला समजाव. तुझं तो ऐकतो. तुझ्या आईपर्यंत हे मी पोचू दिलेलं नाही.

मामाची ओढ आहे तशीच आहे, तुम्हीही ठेवा.
मामा


११ मे

चि. भडकूस,
अनेक आशीर्वाद.

मामाचं पत्र आलं. आधी मी ते चुरगळलं. मग सरळ करून पुन्हा वाचलं, आणि खरं सांगते, मला त्यात तथ्य दिसतं. रागावू नकोस, खाली बसून वाच.

ते शिक्षक अंथरुणाला का खिळलेत? चूक आपली वाटते म्हणून. ती त्यांची नव्हती एवढंच कळलं की ते उठतील. मग ती पाटीची की तुझी, यानं त्यांना काय फरक पडणार? घे अंगावर. तुझ्या नावाला धक्का लागायला तू काही न्यायाधीश नाहीस. आणि तुला माहीत होतं, भडकू. मार्चपासून माहीत होतं, तरी तू आकडा भरत राहिलास. म्हणजे माफी मागायला तुझ्याकडे जागा आहेच.

आईचा विचार कर. मामानं तोंड फिरवलं तर गुडघे घेऊन ती कुठं जिने चढणार? माझ्याकडे ये म्हणून मी हजारदा सांगितलं, ती भावाचं घर सोडत नाही.

तू चिडशील हे धरूनच लिहिलंय. चिडून झालं की मला आठव.
ताई


१६ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चिडलो. पाणी प्यायलो. परत चिडलो. तुझं अर्धं पत्र बरोबर आहे, आणि त्याच अर्ध्यानं मला जास्त झोंबलं.

पण फरक पडतो, ताई. शिक्षक उठतील, मान्य. सोमवारी दुसरा कुणी येईल, मामा पाटीकडे बोट दाखवेल आणि घड्याळात ५६० भरेल. मग पुढच्या धुक्यात कुणाची बहीण? माझ्या माफीनं घळीची वाट बंद होते का? मामाची तोड म्हणजे जखमेवरची पट्टी काढून दुसऱ्याच्या डोळ्यांवर बांधायची. हौस म्हणे! विकताना तेच घड्याळ 'जिवाचा सोबती' असतं, हे वाक्य त्यानंच मला पाठ करायला लावलं होतं.

मोजणी कचेरीत गेलो होतो. मला वाटलं होतं, मी सगळं सांगेन आणि ती माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेनं बघेल. तिनं कागदावरून डोळे न काढता सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली की ती हसली त्याच दिवशी पाटी उतरेल अशी तिची समजूत होती. शनिवारी आली तेव्हा पाटी तशीच, आणि तिच्याखाली मी दात काढून उभा. म्हणून ती पुन्हा आली नाही. कामाचा ताण वगैरे काही नव्हता. एवढं सांगून तिनं पुढचा कागद घेतला. मी बाहेर येऊन त्या दगडावर बसलो. शिपायानं तिथूनही उठवलं.

आईला मीच सगळं सांगितलं. तिला वाटाणे सोलायचे होते, ती सोलत राहिली. शेवटी म्हणाली की भाऊ तिचा आहे, त्याचं ती बघून घेईल; मी त्या माणसाचं बघावं. आपली आई आहे ती, आपण दोघं उगाच तिला काचेची समजतो.

उद्या रविवार. काय बोलायचं ते ठरलंय. रस्त्याच्या वरच्या बाजूला छापखान्यात मदतनीस हवाय आणि मागे खोलीही आहे. सोमवारपासून ये म्हणालेत.

रागावलीस तर राग, लोभ धरलास तर लोभ, जे असेल ते टपालानं पाठव.
तुझा
भडकू

ता. क. पत्र टाकायचं राहिलं, म्हणून रविवारचंही लिहितो. ते दोघं आले. बाई कुबड्यांवर, भाऊ दोन पावलं मागे. मामानं खुर्च्या पुसून ठेवल्या होत्या आणि इतकं गोड बोलत होता की मलाच ओशाळल्यासारखं झालं. मग त्यानं माझ्याकडे बघून मान हलवली. मी सांगितलं की आकडा पाटीवरचा होता, पाटी खोटी आहे, घड्याळ त्यांनी बरोबर वाचलं होतं. मामा हसला आणि म्हणाला की पोरगं तापट आहे, कॉलेज सोडलंय, प्रेमात पडलंय, मनावर घेऊ नका. तिन्ही गोष्टी खऱ्याच होत्या. मी त्यांना एवढंच सांगितलं की वरच्या कचेरीतला दगड जाऊन वाचा.

शिक्षकांनी पाटी वाचली. मग विचारलं, मला हे केव्हापासून माहीत होतं. मी म्हटलं, मार्चपासून. त्यांनी बहिणीला हात दिला आणि ते निघाले. पायऱ्यांवर बाईंचा आवाज ऐकू आला, की चूक त्याची नाही हे त्या पहिल्या दिवसापासून दाराबाहेरून सांगत होत्या, पण ऐकेल तो त्यांचा भाऊ कसला. त्यावर शिक्षक म्हणाले की बडबड पुरे, आधी पायाकडे बघ. मग दोघं रिक्षा येईपर्यंत भांडत उभे होते, मोठमोठ्यानं, रस्ताभर ऐकू जाईल असं.

मामानं विचारलं, झालं समाधान? मी नाही म्हणालो. तो म्हणाला, आता या दुकानात माझं काम नाही. मी म्हटलं, ते मलाही पटतंय. शर्टाच्या बाह्या खाली केल्या, बाहेर आलो आणि मागं दार ओढून घेतलं.