गूळ न खाणारा गुळव्या

केडगाव,
१४ ऑक्टोबर २०२४

ती. रोशनआपास,
शेखलालचा सा. स. वि. वि. (शाळेत गुरुजींनी नमस्कार शिकवला, तिथे आपण दोघांनी सलाम घातला, तो अजून चालू आहे.)

तुझ्या कानांनी दगा दिल्यापासून तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे साऱ्या केडगावाला ऐकवायचं. आणि ही गोष्ट तर कुणाला कळायला नको, म्हणून कागद घेतला. तुमच्या केंदूरच्या मुजीबच्या टेम्पोतून पाठवतोय. वाचून झालं की चुलीत घाल.

मला साखर निघाली. दोन महिने घसा सारखा कोरडा पडायचा, रात्री झोप नाही. मी म्हटलं, गुऱ्हाळातल्या चुलवाणाची धग बाधली असेल. मग डाव्या पायाच्या अंगठ्याला उसाचं चिपाड लागलं, ती जखम भरेना. तुझ्या भावजयीने, तहमीनाने, हात धरून दवाखान्यात नेलं. डॉक्टर अनुपमाबाई म्हणाल्या, की गोळ्या देते, पण निम्मं औषध तुमच्या ताटात आहे. भात, बटाटा, साबुदाणा बंद. भाकरी अर्धी. पालेभाजी, अंडी, ताक, मटण-मासळी चालेल. साखर-गुळाचं नाव काढायचं नाही, आणि पायात कायम चपला. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासणार आहेत.

अब्बांचंही अंगठ्यापासूनच सुरू झालं होतं, आपा. त्यांचा पाय मी विसरलेलो नाही, म्हणून हे पथ्य मी पाळणारच. फक्त दत्ताला कळता कामा नये. भांडगावजवळ हायवेवर त्याचं गुऱ्हाळ माझ्या हातावर चालतं, पण ज्याला गूळ वर्ज्य असा गुळव्या कोण ठेवील?

कळावे. लोभ असू दे, गोडाच्या डब्यातून मात्र पाठवू नकोस.

तुझा,
शेखलाल

---

केंदूर,
१९ ऑक्टोबर २०२४

चि. शेखलाल यास रोशनबीचे अ. उ. आ. आणि दुवा.

पत्र चुलीत घातलं. आधी रडले, मग हसू आलं. भात नको, भाकरी नको, पण अंडी-मटण चालेल! हा आजार तुला झालाय की केंदूरच्या कोंबड्यांना? मुजीबबरोबर अंडी, मेथी आणि शेपू पाठवलाय. लापशीचा डबाही भरला होता, तो शेजारच्या सोजरबाईने आनंदाने संपवला.

चेष्टा पुरे. दिवाळीच्या पाडव्याला तुमच्याकडे नव्या उसाचं पहिलं आधण, म्हणजे गुळाची पहिली काहील, उतरतं. गूळ काहिलीतून निवायला वाफ्यात ओतला, की पहिला खडा साऱ्यांदेखत गुळव्याने खायचा. मग देवाला, पीराला, आणि नंतर गिऱ्हाइकाला. ही रीत दत्ताच्या आजापासूनची आहे. त्या दिवशी काय करशील? खाल्ला नाहीस तर लोक काय समजतील, आणि खाल्लास तर पायाला काय सांगशील? दत्ताला आधीच सांगून टाक. झाकली मूठ सव्वा लाखाची हे खरं, पण तुझ्या मुठीत निखारा आहे.

लोभ आहे म्हणून रागावते, तेवढं गोड मानून घे.

तुझी,
रोशनआपा

---

केडगाव,
५ नोव्हेंबर २०२४

ती. रोशनआपास सा. स. वि. वि.

तू म्हणालीस तसंच झालं. आधी माझा शहाणपणा सांगतो. पहिल्या आठवड्यात जोर करून भाकरी पार तोडली आणि गोळ्या तशाच चालू ठेवल्या. काहिलीजवळ उभ्या उभ्या हातपाय कापायला लागले, दरदरून घाम सुटला. डॉक्टरबाईंनी फैलावर घेतलं. एक गोळी त्यांनी कमी केली, आणि अर्धी भाकरी मी मुकाट्याने पुन्हा सुरू केली. आता ठीक आहे. अंगठाही भरत आलाय.

पाडव्याला खडा तोंडात टाकला, चिपाडाच्या ढिगामागे गेलो आणि थुंकलो. तिथेच एकाने गाडी लावली होती. तो ओरडायला लागला, की करणाराच थुंकतोय म्हंजी ह्यात केमिकलची पावडर मारली असणार. उभं गिऱ्हाईक पांगलं. दुसऱ्या दिवशी ओळखीची माणसंही ढेपेचा वास घेऊन बघायला लागली. रस निवळायला भेंडीचा चिकट पाला आणि चुन्याची निवळी, यापलीकडे माझ्या काहिलीत कधी काही पडलेलं नाही. फार लागलं मनाला.

काल दत्ता म्हणाला, की मामा, रविवारी गर्दी असती, सगळ्यांम्होरं खडा खाऊन दाखवा, न्हाईतर मला दुसरा गुळव्या बघावा लागंल. वाईट बोलला नाही, बोलताना मान खाली होती. मी रात्रभर विचार केला. एक खडाच तर आहे. रविवारी खाईन म्हणतो, सोमवारपासून पुन्हा पथ्य.

कळावे. या वेळी रागावू नकोस, तेवढा लोभ ठेव.

शेखलाल

---

केंदूर,
७ नोव्हेंबर २०२४

चि. शेखलाल यास अ. उ. आ.

रागावणार! एक खडा म्हणे. अब्बाही काहिलीपाशी उभे राहून हेच म्हणायचे. रविवारी एक, मग दर आधणाला एक, कारण लोक बघतायत. त्यांच्या शेवटच्या चपला माझ्या पेटीत आहेत. पाय कापायच्या थोडंच आधी शिरूरच्या बाजारात हौसेने करून घेतल्या होत्या. उजवीची टाच झिजून गेली आहे आणि डावी अजून कोरी. ती डावी चप्पल मला बघवत नाही रे.

तेव्हा थोरल्या बहिणीचा हुकूम समज. खडा खायचा नाही आणि थुंकायचाही नाही. चार लोकांत उभं राहून खरं सांगायचं. तू कुणाच्या घरात दरोडा घातलेला नाहीस. काम गेलं तर केंदूरला ये आणि माझ्या म्हशी राख. त्या तुला काही चाखायला लावणार नाहीत.

हुकूम मोडलास तर लोभाचं काही सांगता येत नाही.

रोशनआपा

---

केडगाव,
११ नोव्हेंबर २०२४

ती. रोशनआपास सा. स. वि. वि.

हुकूम पाळला. म्हशी तूच राख.

रविवारी गाड्यांची रांग लागली होती. आधण उतरलं. मी खडा तळहातावर घेतला आणि वाफ्यापाशी उभा राहिलो. सांगितलं, की मला साखर हाय, म्हणून मी थुंकलो. माझ्या बापाचा पाय ह्याच खड्यापायी गेला, माझा मी जाऊ देणार न्हाई. गूळ हातानं अन् डोळ्यानं केलाय, ज्याला शंका असंल त्यानं खाऊन बघावा.

कुणी हलेना. मग दत्ताची आई अनसाबाई घाण्याकडून आल्या, माझ्या हातावरचा खडा उचलून त्यांनी तोंडात टाकला आणि सावकाश चघळला. म्हणाल्या, की झ्याक उतरलाय, हात तुमचा हाय तवर जीभ आम्ही देऊ. त्यानंतर लोक पुढे आले. माझे मात्र डोळे भरून आले होते, मी धुराचं निमित्त केलं.

खरी गोष्ट पुढेच आहे. गर्दी ओसरल्यावर दत्ताने मला चिपाडाच्या ढिगामागे नेलं आणि खिशातून गोळ्यांची पट्टी काढून दाखवली. त्यालाही साखर आहे, गेल्या वर्षापासून. मालकाने खाल्ल्याशिवाय गिऱ्हाईक घेत नाही म्हणून रोज खडा खातो, आणि आईपासूनही लपवून गोळी गिळतो. म्हणाला, की मामा, तुमच्यावाणी बोलायला मला जमलं न्हाई. एवढा बाप्या माणूस, पण रडला. उद्या त्याला डॉक्टरबाईंकडे घेऊन जातोय. आणि आजपासून गुऱ्हाळात नवी रीत घातली, पहिला खडा गिऱ्हाइकाचा.

कळावे. तुझा धाक असाच राहू दे, लोभ त्यातच आला.

शेखलाल

---

केंदूर,
२० जानेवारी २०२५

चि. शेखलाल यास अ. उ. आ.

रक्तातली साखर बरीच खाली आली आणि अंगठ्यावर नवी कातडी धरली, हे मुजीबने माझ्या कानाशी ओरडून सांगितलं. आता साऱ्या केंदूरला ठाऊक झालं आहे. बरंच झालं. पण तेवढ्याने फुगू नकोस. अर्धी भाकरी ती अर्धीच.

सोबत पिशवीत चपला आहेत. तुझा पाय अब्बांच्याच मापाचा, म्हणून त्यांची डावी शिरूरला नेली आणि तिच्या मापाने तुझ्यासाठी नवा जोड करून घेतला, आतून मऊ. काहिलीपाशीही पायात असू दे.

कळावे. लोभ काय, आहेच. दोन्ही चपला सारख्या झिजव.

तुझी,
रोशनआपा