टाकीच्या झाकणावरचा शेंदूर

सोनगीर, २ जून १९४७

मोतीलालभाऊंना अभिमनचा वाकून नमस्कार.

पिंप्राळ्याला मंडळी ठीक असतील, वहिनींचा खोकला थांबला असेल, आणि तुमच्या जिनिंग कारखान्यातलं इंजिन धडधडत असेल. (शेवटच्या बाबतीत मला शंका नाही. त्याला तुमच्यासारखा फिटर आहे.) इकडे तुमची बहीण कमल खुशाल आहे. ट्रॅक्टर नाही.

लष्कराच्या लिलावातला हा जुना डिझेल ट्रॅक्टर आखाजीच्या सणाला दारात आला. आईने पूजा केली आणि तेलात कालवलेला शेंदूर टाकीच्या झाकणाला फासला, कारण सगळ्यांत उंच जागा तीच. दुसऱ्या दिवशी जेमतेम अर्धा बिघा नांगरला, मग आवाज बारीक होत गेला आणि यंत्र थांबलं. तासाभराने पुन्हा सुरू झालं. मधल्या वेळात आईने नारळ फोडून शेंदराचा दुसरा हात दिला होता, त्यामुळे श्रेय कोणाचं यावर वाद झाला नाही. तेव्हापासून रोज हेच. आबा बांधावर बसून पोळ्याचा दाखला देतात, “बैलले पोयाना एकच दिन पुरस. याले रोज पूजा!” मृग लागेपर्यंत वीस बिघे नांगरून झाले नाहीत तर ट्रॅक्टर लिलावात परत आणि मी धुळ्याच्या कचेरीत परत, असं त्यांनी सांगितलं आहे. मला कचेरी नको. तिथे काही बिघडत नाही, कारण काही चालतच नाही.

म्हणून मी शोध घेतला. टाकी भरलेली होती. गाळणी उघडून धुतली. नळी काढून फुंकली, ती मोकळी निघाली. (डिझेलची चव दोन दिवस जात नाही. भाकरीलाही ती येते.) नळीतली हवा काढली, तरी तेच. मग पंपाजवळ नळी सोडवून खाली बादली ठेवली आणि नुसता पाहत बसलो. धार आधी करंगळीएवढी होती, मग दोऱ्याएवढी, मग थेंब. टाकी भरलेली असताना तेल का येऊ नये? झाकण उघडलं तर ‘फुस्स’ झालं, आणि धार पुन्हा करंगळीएवढी! झाकण लावलं, धार बारीक. उघडलं, जाड. हे मी अकरा वेळा केलं. सहाव्या वेळी खात्री पटली होती. पुढचं केवळ आवडलं म्हणून. झाकणाला हवा आत जायला एक बारीक भोक असतं, भाऊ. ते शेंदराने लिंपलेलं होतं (तासाभरात थोडी हवा कशीबशी झिरपायची, तेवढ्यावर यंत्र पुन्हा चालायचं), आणि यंत्र थांबेल तसे त्यावर थर चढत होते.

देवाचा शेंदूर खरवडला हे आईला सांगणार कोण? कमलची सुई घेऊन मी पहाटे गुपचूप भोक मोकळं केलं. ट्रॅक्टर दिवसभर थांबला नाही. आईने कृतज्ञतेने संध्याकाळी आणखी शेंदूर लावला. आता ती रोज लावते, मी रोज टोचतो.

आपला,
अभिमन

ता. क. : पत्र लिहिण्याचं खरं कारण हे. आई तुमचा शब्द मानते. यंत्राची पूजा चाकाला करतात, झाकणाला नाही, असं तिला लिहाल का? माझं नाव नको.

ता. क. दुसरा : पाकीट बंद करण्याआधी आईने मला सुईसकट पकडलं. मी सगळं सांगून टाकलं. ती शांतपणे म्हणाली, “देवले शेंदूर लावतस तव्हय डोया झाकतस का रे? यानं नाक कोठे शे, हाई माले कोन्ही सांगं?” मग तिने झाकण पदराने पुसलं आणि ताट घेऊन यंत्राभोवती फिरू लागली. आता तिला याची बाकीची नाकंही ठाऊक करून घ्यायची आहेत. ती मला माहीत नाहीत. उलट टपाली कळवा. मृगाला पाच-सहा दिवस आहेत, आणि शेंदूर पुष्कळ उरला आहे.