तो प्रकार

४ नोव्हेंबर, मंगळवार

अख्खा दिवस एका शब्दावर गेला. समोरच्यांचं म्हणणं — युद्धबंदीच्या करारात 'बलात्कार' नको, 'अनुचित प्रकार' लिहा. त्यांचे पुढारी बोलणी करायला येतात ते स्वतःचा थर्मास घेऊन, आमच्या चहावर विश्वास नाही म्हणून. मी मनातल्या मनात त्यांना थर्मासच म्हणते. तर थर्मास अगदी साळसूदपणे म्हणाले, "ताई, अर्थ तोच हो. फक्त शब्द जरा घरंदाज."

अर्थ तोच कसा? लढाईतल्या सगळ्या 'अनुचित प्रकारांना' करारात सरसकट माफी आहे. बलात्कार लिहिला तर खटला, प्रकार लिहिला तर माफी. हे त्यांनाही ठाऊक, मलाही.

आयुष्य गेलं बायकांच्या हक्कांवर बोलण्यात — परिषदा, व्यासपीठं, परदेशी पाहुणे. आणि घसा बसला तो आज!

५ नोव्हेंबर

तेच. खिडकीची काच फुटलेली, तिथून वारा येत राहिला.

६ नोव्हेंबर, गुरुवार

निर्वासितांच्या छावणीतल्या नर्सबाई जिन्यात भेटल्या. हळूच म्हणाल्या, "एक बाई कोर्टात उभी राहायला तयार आहे. तोंड न झाकता. नाव आत्ता सांगू नका म्हणालीय. पण करारात शब्द राहिला तरच." बाकीच्या? "ती राहिली की मागून येतील. कुणीतरी पहिलं लागतं ना."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी! उतरताना दोन पायऱ्या चुकले.

घरी आल्यावर मात्र तोंडाला कुलूप. धाकटी शिवणाच्या मशीनवर होती. तिच्यासमोर आमच्याकडे हा शब्द कुणी काढत नाही. आई 'तो प्रकार' म्हणते. "तो प्रकार झाला त्या वर्षी छप्पर गळत होतं," असं. आणि सभांमधून गळा काढणारी मी, उंबऱ्याच्या आत मीही 'तो प्रकार'च म्हणते. बातम्या लागल्या की रेडिओचा आवाज बारीक करते. बहीण आहे माझी, जपायला नको? छावणीतल्या बायकांना शिवण शिकवायला जाते, तेवढंच तिचं मन रमतं.

१० नोव्हेंबर, सोमवार

मध्यस्थांनी बाजूला घेतलं. पूल, कैदी, पाण्याची लाइन, सगळं ठरलंय म्हणाले. "आता अडलंय ते फक्त तुमच्यापाशी, बाई." जणू तोफा मीच डागतेय. आमच्या बाजूचे वकील त्यांच्या मागे उभे राहून म्हणतात, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. वकील असून! हसू आलं, मग रडू. दोन्ही बाथरूममध्ये उरकलं.

शब्द सोडणार नाही. ती जी कोण बाई आहे, तिला मी तोंडावर पाडणार नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

भाजीबाजारावर गोळे पडले. आई नुकतीच तिथून परतली होती. तिने पिशवीतले कांदे टोपलीत नीट काढून ठेवले, मग खाली बसली. मला म्हणाली, "एका शब्दापायी किती जीव घालवणार आहेस गं?"

मशीन थांबलं. "आई, तिला बोलू नकोस," धाकटी म्हणाली. पुन्हा मशीन सुरू.

भीती वाटते. स्वतःची नाही, आईच्या पिशवीची.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सोडला शब्द. सही केली.

थर्मास यांनी थर्मासच्या झाकणात चहा ओतून माझ्यापुढे केला. "घ्या ताई, आता आपण एका घरची माणसं." मी प्यायले. चांगला होता चहा, त्याचाच राग येतोय.

नर्सबाई फाटकापाशी उभ्या होत्या. "सांगते तिला," एवढंच म्हणाल्या. मी मान वर केली नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

तोफा बंद. लोकांनी खिडक्यांवरची घोंगडी काढली. समोरच्या घरात कुणीतरी चक्क भांडत होतं, भाड्यावरून. बरं वाटायला हवं होतं.

आईला म्हटलं, "त्या बाईला मी वाचवलंच म्हण. कोर्टात लोकांनी तिच्या चिंध्या केल्या असत्या." आईने पाठीवरून हात फिरवला. धाकटी आत होती, ऐकलं की नाही कोण जाणे.

जेवताना रेडिओवर करार वाचून दाखवत होते. त्या कलमापाशी मी आवाज बारीक करायला उठले. "राहू दे," धाकटी म्हणाली. घास हातात धरून ती 'अनुचित प्रकार' पर्यंत ऐकत राहिली. मग पान सारून उठली. आई म्हणाली, भूक नसेल.

१६ नोव्हेंबर, रविवार

सकाळी धाकटीने मशीनवर कापड घालून ठेवलं. छावणीत जात नाही म्हणाली. का, म्हणून विचारलं.

"ती बाई मी होते. तुला कळलं असतं तर तू मला जपत बसली असतीस, म्हणून नाव सांगू दिलं नाही." चपला कोपऱ्यात सारून म्हणाली, "तर तू न कळताच जपलंस."