न खेळता तीनदा विजेत्या

४ फेब्रुवारी
तिसऱ्यांदा विजेत्या! आणि तिसऱ्यांदा एकही मॅच न खेळता. जिल्ह्यात बायकांचा फुटबॉल संघ आमचा एकच, म्हणून क्रीडा कार्यालयाने चषक थेट हातात ठेवला. त्यावरच्या खेळाडूला मिशी आहे. साहेब म्हणाले, "मिशीकडे दुर्लक्ष करा."

घरी सासूबाई फोनवर कुणाला तरी सांगत होत्या, "आमची सून तीन वर्षांत एकदाही हरली नाही!"

९ फेब्रुवारी
मैदान मागायला साहेबांकडे गेले. "रोज पुरुषांचा सराव असतो." मंगळवारी तर नसतो? "मंगळवारी गवताला विश्रांती."

गवताला! मी दिवसभर चष्म्याच्या दुकानात उभी असते, मला कोण देतंय विश्रांती?

सराव पुन्हा बाजारामागच्या पार्किंगमध्ये. दोन स्कूटरच्या मधला गोल. आमची गोलकीपर — दातांची डॉक्टर — झेप घेणार, एवढ्यात स्कूटरवाला आला नि उजवा खांब चालू करून घेऊन गेला.

१० फेब्रुवारी
गुडघा सुजलाय.

१७ फेब्रुवारी
एक बाई नवा चष्मा लावून पेपर वाचून बघत होत्या. मोठ्याने — "शेजारच्या जिल्ह्यात महिला फुटबॉल संघ पाचव्यांदा बिनविरोध विजेता." मी पेपर हातातून ओढलाच! म्हणजे तिथेही एकच संघ. त्यांच्या कप्तानाची बेकरी आहे, असंही छापलेलं. नंबर शोधला, फोन लावला. पलीकडून, "तुम्ही... खरंच खेळता?" दोघी रडायच्या बेतात होतो, हसत सुटलो.

२२ फेब्रुवारी
सामन्याची परवानगी मागितली. साहेबांनी कपाळाला हात लावला.

"अहो ताई, दोन्ही संघ विजेते. खेळलात तर एक हरेल ना!"

"हरेल की."

"मग महिला खेळाडूंची प्रगती आम्ही वर कशी दाखवायची? आत्ता शंभर टक्के विजय आहे!"

अर्ज नामंजूर. कारण — 'पराभवाची शक्यता'. लेखी दिलंय!

२५ फेब्रुवारी
परवानगी गेली खड्ड्यात. रविवारी त्यांच्याकडे जायचंच. डॉक्टरने सगळ्या दाढा पुढे ढकलल्या. बचावाला खेळणारी माझी जाऊ घरात लग्नाला जाते म्हणून सांगून बसलीये. कुणाच्या, ते अजून ठरायचंय.

तीन वर्षं आपापसातच खेळतोय, एकमेकींना लागू नये म्हणून जपून. परकी बाई अंगावर धावून आली तर? आपल्याला खेळताच येत नसेल तर?

२८ फेब्रुवारी
हरलो! तीन-एक. तो एक माझा. येताना बसमध्ये सगळ्याजणी एकमेकींवर ओरडत होत्या — कोण कुठे चुकलं म्हणून. पुढच्या रविवारी त्या इकडे येणार. सोडत नाही!