एल्क कोणी पाडला, हे लिहून ठेवतो

मी, ओरिन टीग, वय वर्षे चौऱ्याहत्तर, पूर्वीचा धंदा बोअरवेल मारणे, सध्याचा धंदा खिडकीत बसणे, राहणार कटलर फोर्क, मोंटाना, आज शुद्धीवर असताना हे मृत्युपत्र करीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. माझ्या घरी दबाव आणायला आता कोणी राहत नाही. डॉक्टरांनी डोके ठिकाणावर असल्याचा दाखला दिला आहे. तो वाचून माझी मुलगी मारिट हसली, त्याची नोंद घेऊ नये. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. एकदा रागाच्या भरात कागदी रुमालावर केले होते, ते रद्द समजावे.

कलम पहिले. घर, त्याखालची जमीन आणि बँकेत जे काही असेल ते सर्व मारिटला. मागच्या दाराची कडी वर उचलून मग ओढायची. हे तिला माहीत आहे, पण ती जावयाला सांगत नाही आणि तो दर वेळी दार तोडायला निघतो.

कलम दुसरे. बोअरची गाडी, पाइप, पाने आणि साखळ्या ज्याला उचलता येतील त्याला मारिटने द्याव्यात. चाळीस वर्षांत माझी एकच बोअर कोरडी गेली, ती माझ्या सासऱ्याच्या, म्हणजे एइनार स्कोगेनच्या अंगणात. म्हातारा तीन दिवस खुर्ची टाकून बघत बसला आणि शेवटी एवढेच म्हणाला, "भोक सरळ गेलंय."

कलम तिसरे. कुत्री मारिटकडे जाईल. तिला सोफ्यावर बसू द्यावे. कुत्रीला म्हणतो मी.

कलम चौथे, हेवेदाव्यांबाबत. आमच्या घटस्फोटात मी जे वागलो ते मारिटला अर्धेमुर्धे ठाऊक आहे, म्हणून पूर्ण लिहितो.

१९९८ च्या ऑक्टोबरात मी कामावर असताना माझी बायको ट्वायला आपले सामान घेऊन बहिणीकडे निघून गेली. सामानात तिचे शिवणयंत्र होते, बिडाचा तवा होता, तंबू होता आणि भिंतीवरची रायफल होती. रिकाम्या खुंट्या बघून मी डेल रडॉकला फोन केला. डेल तेव्हा शेरीफचा डेप्युटी होता आणि माझा मित्रही. मी म्हणालो, माझी बंदूक चोरीला गेली, लिहून घे.

डेलने टोपी काढून टेबलावर ठेवली. "ओरिन, तुमचं लग्न अजून मोडलेलं नाही. घरातली वस्तू घरातल्या माणसानं नेली तर मी काय लिहू? कोर्टात जा, तिथं यादी दे. आणि गाडी काढून तिच्या बहिणीकडे आणायला जाऊ नकोस. गेलास तर मला तुलाच उचलावं लागेल, आणि मागच्या सीटवर माझी मासेमारीची जाळी आहे."

मी गेलो नाही. यादी मात्र केली. वकिलाने सांगितले होते, महत्त्वाच्या वस्तू लिहा, फोटो असतील तर जोडा. मी एक्केचाळीस वस्तू लिहिल्या. न्यायाधीश बाईंनी ती भर कोर्टात वाचली. अठराव्या वस्तूपाशी त्या थांबल्या. "बिटाच्या लोणच्याची बरणी, अर्धी. म्हणजे अर्धी उरलेली, की तुमचा वाटा अर्धा?" मी म्हणालो, दोन्ही. मागच्या बाकावर डेल खोकत होता. त्याला खोकला नव्हता.

त्या दिवशी हुकूम झाला तो असा की, निकाल लागेपर्यंत कोणीही काही विकायचे नाही, हलवायचे नाही, आणि रायफल शेरीफच्या कपाटात जमा करायची. ट्वायलाने दुसऱ्याच दिवशी सकाळी नेऊन दिली, रिकामी करून, तेल घालून, पावती घेऊन. तवा तिच्याकडे राहिला. मला तव्यावर फक्त अंडी करपवता येतात, हे तिने कोर्टाला सांगितले नाही, मीच सांगितले.

कलम पाचवे. बैठकीतल्या एल्कचे, म्हणजे सांबराहून थोरल्या हरणाचे, डोके, बारा फाट्यांच्या शिंगांसह, मारिटला. लहानपणी ती त्याला घाबरायची. तिने ते कोठेही टांगावे, पण खाली पितळी पट्टी लावावी: "ट्वायला स्कोगेन, नोव्हेंबर १९७३". हे डोके मी आधी बर्नडीन ओल्सनच्या खानावळीला देऊ केले होते. ती म्हणाली, गिऱ्हाइकांना खाताना कोणी टक लावून बघितलेलं आवडत नाही.

कलम सहावे, रायफलीबाबत. ही रायफल एइनारने आमच्या लग्नात दिली. देताना "दोघांना" म्हणाला, पण बघत लेकीकडे होता. १९७३ साली आम्ही दोघे डोंगरात गेलो. एल्क समोर आला. मी दोन गोळ्या झाडल्या. एक पाइनच्या झाडाला लागली, दुसरी मोंटाना राज्यात कुठेतरी पडली. तिसऱ्या वेळी ट्वायलाने माझ्याकडून रायफल काढून घेतली आणि एका गोळीत जनावर पाडले.

खाली आल्यावर खाटकाने विचारले, कोणी मारला? मी म्हणालो, मी.

का म्हणालो ते मला आजही सांगता येणार नाही. तोंड उघडले आणि शब्द बाहेर पडला. ट्वायलाने माझ्याकडे बघितले आणि ती जनावराची दोरी सोडायला लागली. पुढची पंचवीस वर्षे मी ती गोष्ट सांगितली. पहिल्यांदा अंतर दोनशे पावले होते. मारिटच्या लग्नापर्यंत ते चारशेवर गेले आणि वाराही सुटला. ट्वायला कॉफी ओतत असायची.

ती गेली त्याच्या आदल्या रविवारी घरी पाहुणे होते. मी गोष्ट सांगितली. ते गेल्यावर ती बशा पुसत म्हणाली, "तू खोटं सांगत होतास तोवर माझं काही म्हणणं नव्हतं, ओरिन. आता तुला ते खरं वाटायला लागलंय." मी म्हणालो, काय खरं? तिने पुढची बशी उचलली. मला खरोखरच कळले नव्हते.

शेवटच्या सुनावणीत न्यायाधीश बाईंनी विचारले, ही रायफल वापरते कोण? मी शपथेवर उभा राहिलो आणि एल्कची गोष्ट सांगितली, वाऱ्यासकट, गुडघा टेकून. ट्वायलाची वकील उठायला लागली, तर ट्वायलाने तिच्या बाहीला धरून खाली बसवले. रायफल मला मिळाली.

बाहेरच्या पायऱ्यांवर मी तिला गाठले आणि विचारले, बोलली का नाहीस?

"मध्येच तोडवेना," ती म्हणाली. "इतकं छान सांगत होतास."

तेव्हापासून एकवीस वर्षे रायफल कपाटात पडून होती. मी तिला हात लावला नाही.

म्हणून या कलमात मी मूळचे असे लिहिले होते: रायफल ट्वायलाला द्यावी, आणि वरील हकीकत माझ्या दफनानंतर जेवणाच्या वेळी मोठ्याने वाचावी. माझ्या वकील फीलन बाई म्हणाल्या, "बंदूक आहे. त्यांना हवी आहे का, ते तुम्ही आधी विचारलेलं बरं." मी फोन केला. एकवीस वर्षांत आम्ही नातवंडांच्या वाढदिवसांपुरतेच बोललो होतो. मी सगळे कलम वाचून दाखवले.

"म्हणजे मेल्यावर सांगणार," ती म्हणाली. "सगळे रडत असतील, बटाट्याची सॅलड खात असतील, आणि म्हणतील, काय मोठ्या मनाचा माणूस. ही पण तुझीच गोष्ट झाली ना रे?"

मी कागदाची घडी घातली. ती म्हणाली, "सांगायचं तर जिवंतपणी सांग. मग बंदुकीचं बघू."

गेल्या शनिवारी सकाळी मी बर्नडीनच्या खानावळीत उभा राहिलो. नेहमीची अकरा माणसे होती. मी सगळे सांगितले, शपथेसकट. कोणी खाणे थांबवले नाही. डेलने आपल्या पॅनकेकवर आणखी पाक ओतला.

"आम्हाला माहीत आहे," तो म्हणाला.

मी विचारले, केव्हापासून?

"त्याच हिवाळ्यापासून. तुझा नेम आम्ही बघितलाय, ओरिन. तू जत्रेत फुगे सोडून मागचा तंबू फोडला होतास. आम्ही तुझी टर उडवायला निघालो होतो, तर ट्वायला म्हणाली, त्याला सांगू दे, त्याला बरं वाटतं."

सेहेचाळीस वर्षे सगळ्या गावाला खरे ठाऊक होते, आणि मी गोष्ट सांगताना कोणाचा चेहरा हलला नव्हता. मी बसलो. बर्नडीनने न सांगता माझ्यापुढे अंडी ठेवली.

सोमवारी डेल मला आणि रायफल घेऊन ट्वायलाच्या दारात गेला. तिने रायफलीचा बोल्ट मागे ओढला, नळी उजेडाकडे धरून आत बघितले आणि म्हणाली, "एकवीस वर्षांत एकदाही पुसली नाहीस." मग तिने ती आत नेऊन ठेवली, कॉफी आणली आणि न विचारताच त्या सकाळची हकीकत सांगायला बसली. पंचवीस वर्षे संसार केला, पण तिच्या तोंडून ती मी कधी ऐकली नव्हती. बर्फाचा रंग कसा होता, एल्कच्या नाकातून वाफ कशी येत होती, गोळी सुटण्याआधी तिला आपल्या बापाची आठवण कशी आली, सगळे तिने सावकाश सांगितले. मी मध्ये बोललो नाही. तिच्या गोष्टीत मी एकदाच येतो, हातमोजा शोधत.

तेव्हा सहाव्या कलमातील देणगी रद्द. वस्तू माझ्या हयातीत मूळ मालकिणीला पोहोचली. हकीकत मात्र राहू द्यावी, आणि कोणाला ती ऐकायची असेल त्याने ट्वायलाकडे जावे.

कलम सातवे. साक्षीदाराला काही देता येत नाही, असे फीलन बाईंनी सांगितले. डेलला त्याचे वाईट वाटले.

वरील मजकूर मी वाचून, खाडाखोड न करता, साक्षीदारांसमोर सही करीत आहे. त्यांनी माझ्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या आहेत.

सही: ओरिन टीग

साक्षीदार:
१. डेल रडॉक, निवृत्त डेप्युटी शेरीफ
२. बर्नडीन ओल्सन, खानावळ मालकीण

ठिकाण: कटलर फोर्क, मोंटाना
दिनांक: १४ नोव्हेंबर २०१९