तिसऱ्या वळणावर

प्रिय दादा,

पत्र बघून हसशील. एकाच घरात राहतो, तू वर, मी खाली, मधे फक्त जिना, आणि ही बया पत्रं लिहीत बसलीय! पण समोरासमोर बोलायला गेलं की तुझ्या डोळ्यांत पाणी येतं, मग वहिनी चहा टाकते आणि विषय तिथेच गुंडाळला जातो. अपघात झाल्यापासून हेच चाललंय. म्हणून लिहून देते. रडायचं असेल तर खुशाल रड, निदान मला बघावं लागणार नाही.

आपलं आधी कसं होतं, आठवतंय ना? तुझी ती लांबलचक, जड मोटरसायकल, पाय पुढे पसरून बसायची. मी तिला सोफा म्हणायचे. माझी रेसिंगची, पेट्रोलच्या टाकीवर ओणवं होऊन चालवायची, तर तू मला सगळ्यांदेखत बेडकी म्हणायचास. तुझ्या सोफ्याला वळता येत नाही आणि माझ्या बेडकीला चढावर दम लागतो, यावरून दर रविवारी जुंपायची. मिस्त्रीकाकांच्या गॅरेजपासून टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत आपल्या अख्ख्या ग्रुपची शर्यत. सरळ चढ आला की तू पुढे, वळणं आली की मी पुढे. हरेल त्याने जिंकलेल्याची गाडी धुवायची, चेनमधलं काळं ग्रीससुद्धा बोटांनी काढायचं. तू हरलास की मी मुद्दाम आधी चिखलातून गाडी फिरवून आणायचे. तुझ्या नखांतलं ग्रीस बघून आई ओरडायची आणि मला जेवण दुप्पट जायचं. किती दुष्ट होतो रे आपण एकमेकांशी! आणि किती सुखात होतो.

मग तो अदलाबदलीचा रविवार. वर्षातून एकदा गाड्या बदलून चालवायच्या, म्हणजे समोरच्याला काय सोसावं लागतं ते कळतं, ही कल्पनाही तुझीच. मी तुझ्या गाडीवर बसले आणि तिसऱ्या वळणावर ती माझ्या गाडीसारखी वाकवली. तुझी गाडी बुटकी, तिचे फूटरेस्ट रस्त्याला टेकतात हे मला पाठ होतं. तू जरा टेकवतोस, खर्रकन आवाज येतो आणि लगेच सावरतोस. मी सावरलं नाही, अजून वाकवली. फूटरेस्ट रस्त्यात रुतला, मागचं चाक उचललं गेलं आणि अख्खी गाडी माझ्या डाव्या पायावर आली. बस, एवढंच. इतकी वर्षं अंगात मुरलेली सवय, दुसऱ्याच्या गाडीवर वापरली. चूक माझी, आणि मला ती माझ्याकडेच ठेवायची होती. पण तू तीही उचलून वर घेऊन गेलास. माझी गाडी, माझी कल्पना, माझ्यामुळे, माझ्यामुळे, हाच तुझा जप. हॉस्पिटलमध्ये पाय कापला माझा, आणि नातेवाईक धीर देत होते तुला.

त्यानंतर तू माझी जी काही सेवा केलीस, देवा रे! संत्री सोलून दिलीस. उशी उंच केलीस, पुन्हा खाली केलीस. मी नुसती खोकले तरी जिना उतरून आलास. मला बेडकी म्हणणं बंद केलंस. मी तुला सोफा म्हटलं तर बापुडवाणं हसलास. नवा पाय बसवला तेव्हा मी आरशासमोर नाचून दाखवलं, तर तू खोलीबाहेर निघून गेलास. दादा, मला तेव्हापासून एकच गोष्ट हवी होती. मी अजून तुझ्या टक्करीची आहे की तुझी पेशंट, एवढंच कळायला हवं होतं. चालता आलं काय, न आलं काय, मला त्याचं फारसं पडलं नव्हतं. तुला पुन्हा एकदा टाकीपर्यंत हरवायचं होतं, किंवा तुझ्याकडून नीट मार खायचा होता.

म्हणून तर मी मिस्त्रीकाकांच्या मागे लागले. त्यांनी डाव्या पायाचा गिअर हँडलवर आणून दिला. तू आठवडाभर त्यांच्याशी बोलला नाहीस, आठवतं? शेवटी मी उपाशी बसायची धमकी दिली तेव्हा कुठे तू तयार झालास. किती दिवस मी मोकळ्या मैदानात पडत होते, उठत होते. पडले की नवा पाय निघून लांब जाऊन पडायचा, आणि आपल्या ग्रुपमधले मास्तर त्याच्यामागे धावायचे. हसून हसून पोट दुखायचं. तू मात्र कुंपणाबाहेर उभा राहून डोळे पुसायचास.

आणि गेल्या रविवारी मी जिंकले.

काय सुरेख सकाळ होती! सगळी मंडळी टाकीपाशी ओरडत होती. मास्तरांनी मला उचललं. तू शेवटी आलास, हेल्मेट काढलंस, म्हणालास की बाई, तू ऐकत नाहीस. मग गुडघ्यावर बसून माझी गाडी धुतलीस, एकेक चाक. मी बाकावर बसून ऐटीत चुका काढत होते. मात्र तेव्हाही एक गोष्ट खटकत होती. तिसऱ्या वळणावर तू माझ्या मागेच होतास आणि मला तो खर्र आवाज आला नव्हता. जीव तोडून चालवताना तिथे तुझा फूटरेस्ट घासला नाही असं कधी झालेलंच नाही. मी मनाला समजावलं, की माझ्याच इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नसेल. आनंदच इतका होता, कुठे खोलात शिरायचं!

सोमवारी वहिनी खाली आली. बिचारी भोळी, तिला वाटलं मी ऐकून खूश होईन. म्हणाली, तुझ्या भावाचं किती प्रेम आहे बघ तुझ्यावर. शनिवारीच सांगत होते, उद्या जिंकू दे बिचारीला, तेवढाच आनंद. दादा, डाव्या तळपायाची आग मस्तकात जायला तिथे तळपायच नाही, म्हणून सगळी उजव्यातून गेली. वहिनी वर गेल्यावर हमसून हमसून रडले. पाय गेला तेव्हा इतकी रडले नव्हते. बिचारी! तू मला? तुझ्या तोंडून हा शब्द निघालाच कसा? तू मला शिव्या घातल्या असत्यास, मागे टाकून निघून गेला असतास, मी गटारात पडलेली बघून हसला असतास, तरी मी तुला डोक्यावर घेऊन नाचले असते. माझ्याशी टक्कर घेणारा जगात एकच माणूस होता आणि त्याने मला भीक घातली.

आपल्या ग्रुपमधला तो कारकून आठवतो? स्वतःच्या साहेबाला शर्यतीत मुद्दाम जिंकू दिलं होतं त्याने. किती हात जोडले होते बिचाऱ्याने. तू ऐकलं नाहीस. गॅरेजमधली त्याच्या हेल्मेटची खुंटी तू स्वतः पक्कडीने उपटलीस आणि नियम केलास. जो मुद्दाम हरेल तो आपल्यातून कायमचा बाहेर, आणि त्याला माफ करायचं की नाही हे फक्त ज्याला जिंकवलं त्याने ठरवायचं. तेव्हा मला तुझा केवढा अभिमान वाटला होता.

काल मी गॅरेजवर गेले होते. सगळ्यांना बोलावून घेतलं आणि वहिनीचं नाव न घेता खरं काय ते सांगितलं. मास्तर म्हणाले, भाऊ आहे, सोडून दे. मिस्त्रीकाकांनी तर माझ्यासमोर हात जोडले. हा ग्रुप तुझा, जागा तू शोधलेली, तुझं दुकान बंद पडल्यापासून तुला रविवारशिवाय दुसरं काही उरलेलं नाही, हे त्यांनी सांगायला हवं होतं असं नाही. मला सगळं माहीत आहे. तरी मी नाही म्हटलं. खुंटी काढायला कुणी पुढे होईना, तेव्हा मीच काढली. तुझं हेल्मेट पिशवीत घालून वरच्या दाराच्या कडीला लावलंय. रविवारी तू सवयीने आवरून गॅरेजवर जाशील आणि तिथे मान वर करून कुणी तुझ्याकडे बघणार नाही. ते तुला तिथे, सगळ्यांसमोर कळू नये, म्हणून हे पत्र. मी मात्र जाणार आहे. मास्तर मला हरवणार आहेत, तसा शब्दच घेतलाय त्यांच्याकडून की जराही दयामाया दाखवायची नाही. तुझ्याशिवाय त्या रस्त्यावर मला काडीची मजा येणार नाही, हेही मला माहीत आहे. तरी जाणार. तू खिडकीत उभा राहू नकोस.

तुझीच,
धाकटी