लाटसाहेबांचा दमा

रविवार, ता. ९

ती. दादास,
धाकटीचा सा. न. वि. वि.

पुलाच्या कामावर तुझा फोन लागत नाही, म्हणून हे पत्र. आज दुपारी पुस्तकबांधणीचं दुकान बंद करून आले, तर जिन्यात तुझे बोकोबा लाटसाहेब मान लांब करून, पोट खपाटीला नेत श्वास घेत होते. वाटलं, घशात केस अडकले. पण तोंड उघडं, जीभ जांभळट! ओढणीत गुंडाळलं आणि प्राण्यांच्या तातडीच्या दवाखान्यात पळाले.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दमा आहे. मांजराला? मी विचारलं. मांजरालाच, त्या म्हणाल्या. मग काचेच्या पेटीत ऑक्सिजन, इंजेक्शन, एक्स-रे. त्यात रविवारचा दर वेगळा. बिल दोन महिन्यांच्या घरभाड्याएवढं! कागद कापायचं नवं यंत्र घ्यायला साठवलेले पैसे भरले. चुकले का रे? उद्यापर्यंत तिथेच ठेवणार आहेत.

आठवण असू द्यावी.
तुझी धाकटी

ता. क. पाकीट चिकटवायला खळ हवी म्हणून कपाट उघडलं. आत लाटसाहेब झोपलेत. दादा, मग दवाखान्यात कोण आहे?

रविवार, ता. १६

चि. धाकटीस अ. उ. आ.

तुझं पत्र मुकादमाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, बहिणीला आधी चष्मा पाठवा. अगं, लाटसाहेबांच्या डाव्या कानाला खाच आहे, तेवढी तरी बघायचीस! पण तडफडणाऱ्या जिवाचे कान कोण तपासतं म्हणा. परक्या मांजरापायी यंत्र घालवलंस म्हणून राग येतो. तू तशीच पुढे गेली असतीस, तर जास्त आला असता. मलाच माझा उलगडा होत नाही.

अर्धे पैसे पाठवतोय. मालक शोध, उरलेले वसूल कर. भिडेला बळी पडू नकोस.

माया आहेच, जरा अक्कलही असू दे.
तुझा दादा

सोमवार, ता. २४

ती. दादास सा. न. वि. वि.

मालक सापडले. वरच्या मजल्यावर नुकतेच राहायला आलेले म्हातारे शिंपीकाका. आणि ते मांजर बोका नव्हेच, रेशमा आहे! हसू नकोस.

तू बजावलं होतंस, म्हणून बिल पुढे केलं. काकांनी ते लांब धरून वाचलं, मग जवळ धरून वाचलं आणि पायरीवरच बसले. म्हणाले, पोरी, मला सापडली असती तर मी तिला घरीच वाफ देत बसलो असतो. यावर मी काय वसूल करणार?

आता तिला रोज दोन वेळा पंपातून औषध द्यावं लागतं. तोंडावर मास्क धरायचा, तर काकांचे हात थरथरतात. म्हणून मी वर जाते. काका गोड बोलून तिला मांडीवर घेतात, मी मास्क धरते आणि ती जन्माची वैरीण असल्यासारखी माझ्याकडे बघते.

काल नवा पंप आणायला गेले. दुकानदाराने पावतीसाठी मालकाचं नाव विचारलं. मागे रांग खोळंबली होती. शेवटी माझंच सांगितलं. का, ते विचारू नकोस. मलाही कळलेलं नाही.

रागावलास तरी लोभ कमी करू नये.
तुझी धाकटी